गिरणीवाल्या काकांना, घर न दिल्याबद्दल

काका, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे घालत नाही, कारण ते तुम्हाला आवडणार नाही. पण पत्र मात्र चारचौघांत लिहितेय. मुंबई सोडून परवडेल अशा गावाच्या शोधात निघालेली आमच्यासारखी पुष्कळ माणसं आज आहेत. त्या प्रत्येकाला तुमच्यासारखा घरमालक भेटेलच असं नाही. निदान असा एक माणूस सांगलीत आहे आणि त्यानं आमच्यासाठी काय केलं, एवढं तरी त्यांना कळावं.

हे निवृत्त झाले तेव्हा मुलुंडच्या आमच्या वन बीएचकेचं भाडं 32 हजार होतं. खासगी नोकरी, त्यामुळे पेन्शन नाही. पीएफचे पैसे आणि त्यावरचं व्याज, एवढ्यावर पुढचं सगळं. अकरा महिन्यांचा करार संपला की भाडं वाढायचं, मालकाच्या मुलाचं लग्न ठरलं की आमचं सामान टेम्पोत चढायचं, आणि दर नव्या घराला दलालाच्या हातावर एका महिन्याचं भाडं ठेवावं लागायचं. सगळी हयात मुंबईत काढली, पण स्वतःचं घर काही झालं नाही. त्यात सासूबाईंचं हृदयाचं दुखणं. गुडघे गेलेले, म्हणून घर तळमजल्यावरचंच हवं, आणि दवाखाना हाकेच्या अंतरावर.

पुण्याचा विचार पहिल्याच आठवड्यात सोडला. कोथरूडची भाडी ऐकली तर ठाण्यात राहिलेलं काय वाईट, असं वाटलं. दुसऱ्या एका शहरात, त्याचं नाव घेत नाही, एका मोठ्या संकुलातली सदनिका बघितली. दाखवणारा तरुण चोवीस तास पाणी असल्याचं सांगत होता आणि त्याच वेळी फाटकातून टँकर आत येत होता. विचारलं तर म्हणाला, आज कुणाकडे तरी कार्यक्रम आहे. खाली भाजी घेताना तिथल्या एका बाईनं सांगितलं की टँकर रोजच येतो. आमच्या नात्यातल्या एकांनी तर "या की खुशाल, सगळी व्यवस्था लावून देतो" म्हणून वर्षभर आग्रह केला होता, आणि आम्ही खरंच निघायचं ठरवल्यावर त्यांनी फोन उचलणं बंद केलं. त्यांच्यावर आता राग नाही. पण त्या दिवसांत आम्ही किती एकटे पडलो होतो, हे मी विसरणार नाही.

सांगली-मिरज सुचवलं ते आमच्या जुन्या शेजारणीनं. तिचं माहेर तासगावचं. तिचं म्हणणं अगदी साधं होतं. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. 1894 साली वानलेस डॉक्टरांनी तिथं इस्पितळ काढलं, तेव्हापासून कर्नाटकातून, कोकणातून माणसं उपचाराला मिरजेला येतात. जंक्शन असल्यानं मुंबईची गाडी रात्री पकडली की सकाळी मुलीकडे. सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून महापालिका एकच, त्यामुळे एका ठिकाणी राहून तिन्हीकडे जाता येतं. आणि भाडं मुंबईच्या तिसऱ्या हिश्शाइतकंसुद्धा नाही.

ते सगळं खरं निघालं. फक्त एक गोष्ट आम्हाला कुणीच सांगितली नव्हती.

सांगलीतल्या दलालानं आम्हाला एकामागून एक तळमजल्याची घरं दाखवली. सगळी नदीकडच्या बाजूची, सगळ्यांना ताजा रंग, आणि भाडी इतकी कमी की ह्यांचा चेहरा खुलत गेला. पुराचं मी स्वतः विचारलं. मुंबईत बातम्या बघतो आम्हीही. तो म्हणाला, "एकदा आला होता वहिनी, आता नाही येत." 2005 ला आला, 2019 ला आला, 2021 ला पुन्हा आला. त्या माणसाचं घर सांगलीतच आहे. त्याला हे ठाऊक नव्हतं असं मी कसं मानू? समोर व्हीलचेअरवर बसलेल्या माझ्या सासूबाई त्याला दिसत होत्या, तरी तो तसं म्हणाला.

मग तुमच्याकडे आलो. तुमच्या गिरणीच्या मागच्या त्या दोन खोल्या, पुढे ओटा, मागे तुळस, सहा हजार भाडं. आम्हाला घर पसंत पडलं होतं. ह्यांनी इसाराचे पैसे पाकिटातून काढून हातात धरले होते. तुम्ही कपाळावरचं पीठ पुसलंत आणि म्हणालात, "साहेब, पैसे राहू द्यात जरा. आधी हे बघा."

तुम्ही आतल्या खोलीचं दार ओढलंत. दाराच्या मागे भिंतीला हातभर रुंदीची एक पट्टी बिनरंगाची होती, फरशीपासून पार वरपर्यंत. बाकी घराला पिस्ता रंग आणि तेवढी पट्टी तशीच जुनी, पोपडे आलेली. माझ्या डोक्याच्याही वर त्या पट्टीवर एक काळपट आडवी रेघ होती. तुम्ही तिच्यावर बोट ठेवलंत. "2019. पाणी इथवर होतं. रंग लावताना पेंटरला एवढं सोडायला सांगितलं मी. घर बघायला येणाऱ्यानं बघितलं पाहिजे."

काका, त्या पट्टीचा विचार माझ्या मनातून जात नाही. सगळी भिंत रंगवून घेता आली असती. कुणी तुम्हाला विचारणार नव्हतं. आजूबाजूच्या प्रत्येक घरात ती रेघ रंगाखाली गेली होती. तुम्ही ती मुद्दाम ठेवलीत, आणि अनोळखी भाडेकरूला आत नेऊन दाखवलीत, तेही तो पैसे देत असताना.

मग तुम्ही सासूबाईंसमोर उकिडवे बसलात. इतक्या दिवसांत घर बघताना त्यांच्याशी थेट बोललेले तुम्ही पहिलेच. बाकी सगळे आमच्याशी बोलायचे, "आजींना इथं ऊन मिळेल", "आजींना इथं बरं पडेल". तुम्ही त्यांनाच विचारलंत, "आजी, जिना चढता येतो का तुम्हाला? रात्री दोन वाजता चढायला लागला तर?"

त्या नाही म्हणाल्या. तुम्ही मान हलवलीत आणि मग आम्हाला पाण्याचं सांगायला बसलात. ते पाणी एकदम येत नाही, फूट-फूट चढतं. सांगलीतला माणूस पावसाळ्यात हवामान विचारत नाही, आयर्विनला किती झालं ते विचारतो. 1929 पासून तो पूल कृष्णेवर उभा आहे आणि गावाची सगळी गणितं त्याच्यावरच्या आकड्यांनी चालतात. 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका. कोयनेतून किती सोडलं याकडे कान ठेवायचा. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर इथल्या लोकांना सगळ्यात आधी उठावं लागतं. 2019 ला पातळी 57 फुटांच्या वर गेली आणि ज्या पेठांत म्हाताऱ्या माणसांनीही कधी पाणी बघितलं नव्हतं तिथं बोटी फिरल्या. संध्याकाळी पाणी बोळाच्या तोंडाशी असतं, माणूस म्हणतो आता थांबेल, आणि रात्री ते उंबऱ्यात असतं. तुमच्या गिरणीची मोटर, जात्याचे दगड, गिऱ्हाइकांचे डबे, सगळं त्या पाण्यात होतं. मोटर पुन्हा भरून घेतलीत, हे सांगतानाही तुमच्या आवाजात तक्रार नव्हती.

"तुम्हा दोघांनाच राहायचं असतं तर मी काही बोललो नसतो," असं तुम्ही म्हणालात. "सांगितलं असतं आणि तुमच्यावर सोडलं असतं. पण आजींना घेऊन इथं नको. विश्रामबागेत बघा. वरचा भाग आहे, तळमजला मिळेल. दोन-तीन हजार जास्त जातील, जाऊ द्यात."

दोन-तीन हजार जास्त जातील, जाऊ द्यात. आम्हाला आलेले बाकी सगळे सल्ले पैसे कसे वाचतील याचे होते. कुठलं शहर किती स्वस्त, कुठे भाजी काय भाव, कुठे रिक्षा किती घेते, याच्या याद्या आम्हाला लोकांनी हौसेनं पाठवल्या. एखादं घर स्वस्त का आहे, हे सांगणारे तुम्ही एकटे निघालात. आणि ते सांगून नुकसान झालं ते तुमचंच. खोल्या पुढे किती महिने रिकाम्या राहिल्या, ते मला नंतर गिरणीतल्या पोराकडून कळलं.

पुढचं सगळं तुम्हीच फोन फिरवून जमवलंत. करार, गॅस, पोलिसांकडची नोंद, ते सांगत बसत नाही. विलिंग्डन कॉलेजच्या बाजूला तळमजल्यावरचं घर मिळालं, नऊ हजारांत. दलालीचा एक रुपया लागला नाही. सासूबाई आता संध्याकाळी ओट्यावर बसतात आणि समोरून जाणारी कॉलेजची पोरं त्यांना ओळखतात. ह्यांना लोकलची वेळ गाठायची नसते, तर सुरुवातीला ते अस्वस्थ व्हायचे. आता गणपती मंदिराकडे चालत जातात, येताना भडंग आणतात. महिन्याच्या शेवटी पैसे उरतात, असं आमच्या संसारात पहिल्यांदाच घडतंय. मुंबईची आठवण येते. मुलगी तिथं आहे, चाळीस वर्षांच्या ओळखी तिथं आहेत, आणि समुद्राला इथं काही पर्याय नाही. तरी आम्हाला परत जायचं नाही.

माणसं असा निर्णय घेतात तेव्हा ती किती हवालदिल असतात हे बाहेरून दिसत नाही. वय झालेलं असतं, पैसे मोजके असतात, आणि एकदा सामान हलवलं की पुन्हा हलवायची ताकद उरलेली नसते. अशा माणसाला फसवणं फार सोपं आहे, कारण त्याला विश्वास ठेवायचाच असतो. आपल्याकडे चांगुलपणा म्हटलं की लोकांना मोठी दानं आठवतात, पुरातली बचावकार्यं आठवतात. तीही मोठीच. पण पूर नसताना, कोरड्या ठणठणीत उन्हाळ्यात, गिऱ्हाईक पैसे हातात घेऊन उभं असताना खरं सांगणं, याला मी त्याच मापानं मोजते. तुम्हाला टाळ्या मिळाल्या नाहीत. भाडंही गेलं. तुम्ही पुन्हा जाऊन गिरणीचा पट्टा चढवलात आणि कुणाची तरी ज्वारी दळायला घेतलीत.

जे कोणी घर भाड्यानं देतात किंवा दाखवतात, त्यांना माझं हात जोडून एवढंच मागणं आहे, की पट्टीएवढी जागा सोडा. पाणी कुठवर येतं, टँकर कधी येतो, रात्री शेजारी काय चालतं, ते आधी सांगा. ज्याला तरीही घर हवं असेल तो घेईलच. तुमच्या खोल्याही शेवटी गेल्याच ना काका. चार तरुण पोरं राहतात म्हणे तिथं, वालचंद कॉलेजला शिकणारी, आणि त्यांनाही तुम्ही आधी दाराआड नेऊन ती रेघ दाखवलीत.

आता सासूबाईंचा निरोप, त्यांच्याच हुकमावरून लिहितेय. येत्या पावसाळ्यात आयर्विनला 40 झालं की 45 ची वाट बघायची नाही. गिरणीची मोटर सोडवून पोरांच्या मदतीनं टेम्पोत घालायची आणि काकूंना घेऊन सरळ आमच्याकडे यायचं. मोटरला मागच्या व्हरांड्यात जागा करून ठेवली आहे, ह्यांनी मोजून घेतली आहे. पुढची खोली तुम्हा दोघांची. काकूंना गुडघ्यांचा त्रास आहे हे आम्हाला माहीत आहे, आणि आमच्या घराला एकही पायरी नाही.

तुमची,
विश्रामबागेतली ताई