मीराआत्या, तुमच्या बटव्यातल्या अर्ध्या आण्यासाठी

मीराआत्या,

सप्रेम जय भीम.

हा नमस्कार तुमच्या काळी नव्हता. ज्याच्या नावाने आम्ही तो करतो, तो पोरगा तेव्हा साताऱ्याच्या घरात तुमच्याशेजारी झोपायचा आणि त्याला सगळे भिवा म्हणायचे. आमच्याकडे आत्याला 'तू' म्हणतात. पण पलटणीत सुभेदार राहिलेला भाऊसुद्धा घरात तुमचा शब्द खाली पडू देत नसे, असं ऐकत आले आहे. म्हणून 'तुम्ही'.

आभार मानायला सव्वाशे वर्षं उशीर झाला आहे, तेवढं पोटात घाला.

तुमच्या घराण्याची हकीकत सांगायची म्हटलं की लोक पलटणीचं दप्तर उघडतात. मंडणगडाजवळचं आंबडवे. वडील मालोजी कंपनीच्या फौजेत. भाऊ रामजी सुभेदार, चौदा वर्षं लष्करी शाळेचे हेडमास्तर. वहिनीचं माहेर मुरबाडकरांचं, तिथे तर वडील आणि सहा चुलते, सगळेच सुभेदार-मेजर! महूच्या छावणीत १४ एप्रिल १८९१ला चौदावं अपत्य. मग पेन्शन, दापोली, सातारा. हुद्दे, बदल्या, पगार, सगळं ओळीने लागतं. १८९६मध्ये भीमाबाई साताऱ्यात गेल्या आणि तिथे हे दप्तर मिटतं. पुढचं घर तुमच्या अंगावर पडलं. त्या घराला हुद्दा नव्हता, म्हणून तुम्ही एका वाक्यात उरकल्या जाता: पाठीला कुबड असलेली, भावाकडे राहणारी आत्या.

खुद्द बाबासाहेबांनीही तुम्हाला जरा असंच उरकलंय, राग मानू नका. त्यांनी लिहिलंय की माझ्या ओळखीत आत्याइतकं मायाळू माणूस नाही, पण तिची आम्हाला मदत मात्र होत नव्हती. तुमचे पाय चालत नव्हते, उचलून ठेवावं लागायचं. सुभेदार खटाव तालुक्यात गोरेगावला खजिनदार होते. दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून सरकारने तिथे तलाव खोदायला घेतला होता. घरात तुम्ही आणि चार पोरं: भिवा, त्याचा थोरला भाऊ, आणि वारलेल्या थोरल्या बहिणीचे दोन मुलगे. भाकरी कुणालाच जमेना, म्हणून तांदूळ आणि मटण एकत्र शिजवून रोज पुलाव. (पाहुणे आल्यावर करायची गोष्ट यांच्याकडे नाइलाजाने व्हायची. भाकरी थापायला बसलेल्या कुणालाही हे पटेल.)

मला तरी यात 'मदत नव्हती' दिसत नाही. चार पोरं शाळेतून आल्यावर घरात मोठं माणूस होतं. त्या शाळेत बसायला गोणपाट घरून न्यावं लागे. गावात न्हाव्यांना तोटा नव्हता, पण यांच्या डोक्याला हात लावायला कुणी तयार नव्हतं, केस बहीण कापायची. अशा गावातून परत यायचं ते तुमच्याकडे.

१९०१ची ती गोष्ट, पोरं वडिलांना भेटायला गोरेगावला निघाली ती, आम्हाला शाळेत सांगितली ती मसूर स्टेशनपासून. स्टेशनमास्तरने विचारलं, मुलांनी जात सांगितली आणि त्याचा चेहरा बदलला. मग दुप्पट भाडं, गाडी पोरांनीच हाकायची, गाडीवान बाजूने पायी. डबा भरलेला, पण प्यायला पाणी नाही म्हणून रात्र उपाशी. हे आम्हाला पाठ आहे. पण गोष्ट तुमच्या घरातून सुरू होते. नवे सदरे, जरीच्या टोप्या, नवे जोडे, रेशीमकाठी धोतरं घालून पोरं उड्या मारत निघाली होती, आणि तुम्ही जिवाचा आकांत करून रडत होता. हे त्यांनीच लिहून ठेवलंय. पोरांना आगगाडीचं कौतुक होतं. तुम्हाला रस्ता ठाऊक असावा.

आता खऱ्या कारणाकडे येते.

ज्या फौजेवर तुमचं घर दोन पिढ्या जगलं, तिचं दार १८९०च्या दशकात बंद झालं. महारांची भरती सरकारने थांबवली. सुभेदारांनी न्यायमूर्ती रानड्यांच्या मदतीने त्याविरुद्ध अर्ज केला असं चरित्रांत येतं. उपयोग झाला नाही. म्हणजे बाप, आजा, दोन्हीकडचे मामा-काका ज्या वाटेने गेले ती भिवासाठी उरली नव्हती. उरली होती शाळा, नाहीतर मुंबईची गिरणी. साताऱ्याची पोरं मुंबईला जाऊन गिरणीत लागतात हे त्याने ऐकलं होतं. त्यात सुभेदारांनी दुसरं लग्न केलं, आईचे दागिने नव्या बाईच्या अंगावर दिसू लागले आणि पोराचं मन घरातून उडालं. बापाच्या पैशावर जगायचं नाही, मुंबई गाठायची. पण गाडीभाडं?

पैसे होते तुमच्या कमरेला खोचलेल्या बटव्यात. तीन रात्री त्याने हात घातला, जमलं नाही. चौथ्या रात्री बटवा हाती आला. उघडला तर आत अर्धा आणा.

अर्ध्या आण्यात मुंबई येत नाही. भिवाने चोरीचा आणि गिरणीचा नाद सोडला आणि अभ्यासाला लागायचं ठरवलं. हे त्यांनी पुढे स्वतःच सांगितलं आहे. ७ नोव्हेंबर १९००ला साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, त्यांचं नाव लागलं. पट क्रमांक १९१४. तो दिवस आता महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. मुलं भाषणं करतात, त्यात तुमचं नाव मी अजून ऐकलेलं नाही.

पुढचं श्रेय सुभेदारांना आहेच. परळच्या एका खोलीत पहाटे दोनला पोराला उठवणारे ते. पुस्तकाला पैसे नसले की लग्न झालेल्या लेकीकडे जायचे, तिचा दागिना मारवाड्याकडे ठेवायचे आणि पेन्शन आली की सोडवून आणायचे. (तिथेही बघा, दागिना बाईचाच.) पण त्या खोलीपर्यंत पोरगा पोचला तो त्या रात्री बटवा रिकामा निघाला म्हणून. तुमच्याकडे चार-दोन रुपये असते तर?

त्या गरिबीचे आभार मानायला मी बसलेले नाही. तुमच्या हाती पैसा असता तर तुमचे पाय चोळायला कुणी ठेवता आलं असतं. आभार तुमचे, त्या पोराला शेजारी झोपवून घेतल्याबद्दल.

एक विचारू का? चालता येत नसलेल्या माणसाची झोप सावध असते, माझ्या आजीची होती. चार रात्री तुमच्या कमरेशी एक लहान हात चाचपत होता. तुम्ही खरंच झोपला होता का, आत्या?

तुमचीच,
साताऱ्याकडची एक भाची