मीटिंग कशी घ्यायची हे पोरांना कोणी शिकवतच नाही

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कॉलेजांत आता युवा महोत्सव, फेस्ट, एनएसएसचे (राष्ट्रीय सेवा योजनेचे) कॅम्प सगळ्याची धावपळ सुरू झालीय आणि त्याबरोबर पोरांच्या मीटिंगाही. मी मुंबईतल्या एका डिग्री कॉलेजात शिकवते, कल्चरल कमिटी बघते, म्हणून हे लिहितेय. जीएस (जनरल सेक्रेटरी), सीआर (वर्ग प्रतिनिधी), कमिटी हेड अशी पदं आपण मुलांना देतो, 2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात विद्यार्थी परिषदेची तरतूदही आहे, पण वीस-पंचवीस जणांना समोर बसवून काम पुढे कसं न्यायचं हे त्यांना कोण सांगतं? मग चारची मीटिंग पावणेपाचला सुरू होते, हेड आणि त्याचे दोन मित्रच बोलत राहतात, बाकीचे मोबाइलमध्ये, आणि शेवटी "ठीकेय, ग्रुपवर टाकतो" म्हणून सगळे उठतात. बदलापूर, विरारकडच्या मुली तर सव्वापाचलाच चुळबुळ करायला लागतात कारण त्यानंतरच्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते, त्या उठून गेल्या की "हिला इंटरेस्टच नाही" असा शिक्का बसतो. हे मला फार लागतं.

खरं तर फार काही करायचं नसतं. आदल्या दिवशी ग्रुपवर विषय टाका, तोही नुसता "फेस्टबद्दल चर्चा" असा नको, "स्टेज हॉलमध्ये की बाहेर, उद्या ठरवायचंय" असा टाका म्हणजे मुलं विचार करून येतात. नुसती माहितीच द्यायची असेल तर मीटिंग कशाला, मेसेज पुरतो. संपायची वेळ आधी सांगा आणि पाळा. आणि हेडने स्वतःचं मत शेवटी सांगावं, त्याने आधीच सांगितलं की एफवायची, म्हणजे पहिल्या वर्षाची मुलं माना डोलावतात आणि विषय तिथेच संपतो.

भाषेचंही तसंच. मीटिंग इंग्रजीत सुरू झाली की मराठी माध्यमातून आलेली मुलं गप्प होतात, डोक्यात कल्पना असूनही. आमच्याकडे एकदा एका मुलीने, ती हेड होती, सगळ्यांना चिठ्ठ्या वाटल्या, दोन मिनिटं कोणी बोलायचं नाही, ज्या भाषेत जमेल त्या भाषेत लिहा म्हणाली आणि मग एकेक चिठ्ठी वाचली. मीटिंगमध्ये कधीच न बोललेल्या एका मुलाने लिहिलं होतं, रजिस्ट्रेशनचं टेबल गेटपाशी लावू नका, पाऊस आला की तिथे घोट्यापर्यंत पाणी साचतं. त्याआधी हे कुणी बोललंच नव्हतं! टेबल आत घेतलं, आणि पुढच्या मीटिंगला तो मुलगा आपणहून बोलायला लागला.

उठायच्या आधी कोण, काय, कधीपर्यंत एवढं मोठ्याने वाचून दाखवायचं, ज्याचं नाव आलं त्याने तिथेच हो म्हणायचं, आणि पुढची मीटिंग त्याच यादीपासून सुरू करायची. याने निम्मी भांडणं कमी होतात असा माझा अनुभव आहे.

एनएसएसच्या मुलांना वर्षाला 120 तास काम करायचं असतं, त्यातले दोन-तीन तास यासाठी द्यायला काय हरकत आहे? कमिट्या ठरल्या की लगेच, म्हणजे जुलैमध्येच, प्रत्येक कॉलेजने नव्या हेडना बसवून एक मीटिंग खरोखर घेऊन दाखवावी, आधीच्या वर्षीच्या मुलांनाही बोलवावं. आणि आम्ही शिक्षकांनी तेव्हा मागच्या बाकावर बसावं, मध्येमध्ये बोलू नये. आपल्या पेपरात कॉलेजच्या बातम्या येतातच, त्यात एखाद्या कॉलेजने हे नीट केलं असेल तर त्यांची पद्धत सविस्तर छापावी ही विनंती.

आपली,
एक प्राध्यापिका, मुंबई