वाळूची मूठ

चाकण, रविवार

तीर्थरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर सांगणारच होते, पण तुमचा फोन स्पीकरवर आणि शेजारी मावशी. म्हटलं, पत्रच लिहू.

मी कंपनीतल्याच दुसऱ्या जागेसाठी अर्ज केलाय. आई, दचकू नकोस, नोकरी सोडत नाहीये. पीएफ, कॅन्टीन, बस सगळं तेच. ग्रॅच्युइटीला पाच वर्षं पुरी लागतात, माझी सव्वाचार झालीत. बाहेर गेले असते तर पुन्हा एकपासून मोजायला लागलं असतं. आमच्यात याला आयजेपी म्हणतात. बाहेर जाहिरात देण्याआधी जागा आतल्या माणसांना दाखवायची. आताच्या खुर्चीत दोन वर्षं झालेली हवीत, एवढी अट. पगार लगेच वाढणार नाही, ग्रेड तीच राहील, हेही सांगून टाकते.

आता मी काय करते ते बाबांना माहीत आहे. आई, तुझ्यासाठी सांगते. फौंड्रीतून कास्टिंग, म्हणजे वाळूच्या साच्यात ओतलेला धातूचा भाग, येतं, आमच्याकडं मशीनिंग होतं आणि शेवटच्या कटला आतलं ब्लोहोल, म्हणजे वायूमुळं राहिलेलं भोक, उघडं पडतं. मी त्यावर लाल रंग मारून ते लाल बिनमध्ये टाकते. तोवर मशीनचा वेळ, टूल, माणसाची मेहनत सगळं त्यावर खर्च झालेलं असतं. लाल रंग मारून मारून कंटाळा आला, खरंच. नवी जागा सप्लायर क्वालिटीची आहे. थेट फौंड्रीत जाऊन चूक तिथंच धरायची. आणि फौंड्र्या कुठल्या, तर शिरोली आणि गोकुळ शिरगाव, आपल्या कोल्हापूरच्याच! (आई, लगेच डबा भरायला घेऊ नकोस, अजून निवड व्हायचीय.)

अर्ज करताना आपल्या साहेबांना आधी सांगावं लागतं. दोन दिवस त्यांच्या केबिनवरून नुसत्या फेऱ्या मारल्या. शेवटी गेले. त्यांनी मान वर न करता विचारलं, "इथं काय कमी पडलं?" मला उत्तर सुचलं नाही. जागा मिळाली नाही तर त्यांच्याच हाताखाली राहायचंय, पोटात गोळा येतो तो याचाच.

बाबा, तुम्हाला आधी विचारलं नाही, त्याचं कारण सांगते. तुमच्या फौंड्रीत पॅटर्न शॉपमध्ये, साच्यांचे नमुने बनवतात तिथं, जागा निघाली होती तेव्हा तुम्ही मागितली नाहीत. "साहेबांना वाटेल कामाला कंटाळला," असं तुम्ही आईला म्हणालात. मी तेव्हा नववीत होते, मधल्या खोलीत अभ्यासाला बसले होते, सगळं ऐकू आलं. पुढं पाठ धरली तरी मोल्डिंगलाच, वाळूचे साचे भरायलाच, राहिलात. तुम्ही "कशाला उगाच" म्हणाला असता तर मीही थांबले असते. म्हणून अर्ज आधी, पत्र नंतर. रागावू नका.

इंटरव्ह्यू गुरुवारी झाला. तिघे होते. एकानं विचारलं, "फौंड्रीचा वाळूचा रिपोर्ट बरोबर आहे, तरी ब्लोहोल येतायत. आधी काय बघाल?" मी वाळूचा ओलावा सांगितला, तीन-चार टक्क्यांच्या आसपास हवा, वगैरे. मग तोंडातून निघूनच गेलं, "रिपोर्टच्या आधी वाळूची मूठ वळून बघेन." तिथं वाळू कुठली, पण मी नुसता हात पुढं केला. मूठ घट्ट दाबायची, उघडायची. बोटांचे ठसे राहिले पाहिजेत, तळहात ओला होता कामा नये, आणि गोळा मोडला तर कड स्वच्छ तुटली पाहिजे. तुम्ही अंगणात शिकवलं होतं तस्संच. त्यातले पांढऱ्या केसांचे साहेब हसले आणि म्हणाले, "हे कुठं शिकलात?" म्हटलं, "घरी."

पंधरा दिवसांत कळेल.

आई, गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळव, मी पाठवते. बाबा, पावसाळ्यात नवी वाळू ओलीच यायची तेव्हा तुम्ही पाण्याचं माप कसं धरायचा, ते मला नीट समजून घ्यायचंय. रात्री नऊनंतर फोन करा. स्पीकर बंद ठेवून.

तुमची,
ताई