देव मानत नाही, पण होम दिसला पाहिजे!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

देव न मानणाऱ्यांनी देवळात लग्न लावावं की नाही, यावरची वाचकांची पत्रं वाचतो आहे. गावच्या देवस्थानाचा एक विश्वस्त म्हणून माझं दुखणं वेगळं आहे.

नास्तिक पायरी चढला म्हणून आमचा देव काही बाटत नाही. शिमग्यात पालखीला खांदा देणारे कितीतरी पोरगे देव मानत नाहीत, पण गाऱ्हाणं सुरू झालं की ‘व्हय म्हाराजा’ म्हणताना त्यांचाच आवाज चढा. देऊळ गावाचं आहे, तिथे कोण कोणाची परीक्षा घेणार?

खटकतो तो अर्धवटपणा. मे महिन्यात मुंबईची जोडपी येतात आणि गुरुजींना आधीच बजावतात, ‘कन्यादान नको, सप्तपदी नको, पण होम पेटलेला दिसला पाहिजे.’ मागे एकदा फोटोग्राफरने अंतरपाट दुसऱ्यांदा धरायला लावला. गुरुजी काय बोलणार, मुकाट्याने धरला!

कन्यादान गाळलं तर माझी हरकत नाही. पण १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात लग्न रूढीच्या विधींनी लागावं लागतं. सप्तपदीची रूढी असेल तिथे सातवं पाऊल पडल्यावरच ते पूर्ण होतं. विधीच झाले नसतील, तर नुसत्या नोंदणीच्या दाखल्याने लग्न ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली स्पष्ट केलं आहे. म्हणजे होमासमोर फोटो काढून घरी गेलेल्यांच्या हाती काय राहिलं?

ज्यांना विधी नकोत त्यांच्यासाठी १९५४चा विशेष विवाह कायदा आहे. विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदारांसमोर लग्न लागतं, गुरुजी लागत नाहीत. अडचण चाकरमान्यांची होते. दोघांपैकी एकजण निदान तीस दिवस ज्या जिल्ह्यात राहिलाय तिथेच नोटीस द्यावी लागते आणि पुढे आणखी तीस दिवस थांबावं लागतं. पंधरा दिवसांच्या रजेत ते गावी कसं जमणार? मग देऊळ सोपं वाटतं. त्यापेक्षा मुंबईतच या कायद्याने लग्न उरकून या आणि गावजेवण सभामंडपात घाला. नारळ ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही बघा.

आमच्या नियमात सभामंडप फक्त ‘धार्मिक कार्या’साठी मिळतो. तो शब्द काढावा, असा ठराव मी पुढच्या बैठकीत मांडणार आहे. भांडण होईलच, पण माझा अंदाज आहे की ते देवावरून कमी आणि भाड्यावरून जास्त होईल.

– एक विश्वस्त, ता. राजापूर, जि. रत्नागिरी