कोलाडच्या नदीत आपलंच पाणी

सोलापूर,
रविवार

प्रिय बाळ्या,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर मी हूं-हूं करत होतो, कारण तुझी वहिनी शेजारीच बसली होती. कॅनूचा, म्हणजे त्या वल्ह्याच्या चिंचोळ्या होडीचा, विषय निघाला की आमच्यात अजून खटके उडतात. म्हणून सगळं कागदावरच घालतो.

कोलाडला कुंडलिकेवर गेलो होतो. सगळे राफ्टमध्ये बसतात, हिला मात्र दोघांचीच कॅनू हवी होती. मोठे खळाळ संपल्यावरचा खालचा टप्पा घेतला, तरी पाण्याला ओढ अशी की वल्हं हातातून हिसकावून घेईल. तिथल्या पोरानं आधी काठावर शिकवलं. पुढचा बघणार आणि जोर लावणार, मागचा वळवणार. पाण्यावर व्ही दिसला आणि त्याचं टोक प्रवाहाच्या दिशेनं असेल तर बिनधास्त मधून घुसायचं. टोक आपल्याकडे असेल तर तिथं खडक दबा धरून बसलाय. पाण्यात पडलोच तर उताणं व्हायचं, पाय प्रवाहाकडे, आणि उभं राहायला अजिबात जायचं नाही; पाय दगडात अडकला की संपलं.

ही पुढे, मी मागे. ही ओरडायची, "खडक!" मी विचारायचो, "कुठं?" ही म्हणायची, "समोर!" अरे, समोर तर अख्खी नदी होती! शेवटी तिनं बोलणं सोडलं आणि वल्ह्यानं नुसती दिशा दाखवायला लागली. तेव्हापासून आमचं बरं जमलं. (घरीही चालेल असं, पण सुचवायची हिंमत नाही.)

एका वळणावर मात्र कॅनू आडवी होऊन खडकाला टेकली. अशा वेळी अंग आपोआप खडकापासून लांब झुकतं आणि तिथंच घात होतो. प्रवाहाच्या वरच्या बाजूनं पाणी आत शिरतं आणि कॅनू उलटते. खडकाकडेच झुकायचं, असं पोरानं बजावलं होतं. हिनं तर सरळ खडकाला मिठीच मारली. कोपर सोललं, पण कॅनू खरडत खरडत सुटली.

आता तुला खरं सांगायचंय ते. हे पाणी सकाळी येतं, कारण भिऱ्याच्या वीजघरातून सुटलेलं पाणी पुढे रवाळज्याहून नदीत सोडतात. भिऱ्याला ते येतं मुळशीच्या तलावातून. आणि मुळशीचं धरण मुळेवर! म्हणजे मुळा, मुळा-मुठा, भीमा आणि मग आपल्या सोलापूरला पाणी देणारं उजनी धरण, हीच त्याची मूळ वाट. 1921 साली सेनापती बापटांनी सत्याग्रह केला तो याच धरणाविरुद्ध. 1927 पासून ते पाणी सह्याद्रीवरून कोकणात उतरतंय, वीज करतंय आणि शेवटी अरबी समुद्राला मिळतंय. ताम्हिणीतून जाताना तो तलाव रस्त्यालगत दिसतो, हिला दाखवला, तर म्हणाली, "आणि आपण घरी पिंपं भरत बसतो."

विजेची गरज मला कळते. पण नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या गावचा माणूस त्या धारेत बसल्यावर नुसती मजा करू शकत नाही, एवढं खरं. तरी मजा आलीच, ते लपवत नाही.

दिवाळीनंतर तुम्ही दोघं या, परत जाऊ. वहिनींना पुढे बसव आणि निघायच्या आधी खुणा ठरवून घे. शेंगाचटणी आणि कडक भाकरी आम्ही आणतो; तिथं काठावर नुसता वडापाव मिळतो.

तुझा,
बंड्या