गोधडीची बैठक: शनिवारी ४ वाजता

मैत्रिणींनो, येत्या शनिवारी दुपारी ४ वाजता नौपाड्यात माझ्या घरी जमायचंय.

प्रत्येकीने साडेसहा इंची १२ चौकोन कापून आणा. शिवणीत दोन्हीकडून पाव-पाव इंच जातो. आपण ८ जणी, म्हणजे ९६ तुकडे. ४ बाय ६ फुटांची गोधडी होते.

• फक्त सुती. जॉर्जेट, नायलॉन घसरतं.
• कापड आधी धुवा. नवं सुती आटतं, गडद लाल रंग सोडतो. मागच्या खेपेला माझ्याच ब्लाउजपीसने सगळ्यांचे पांढरे चौकोन गुलाबी केले, म्हणून सांगतेय!
• आत घालायला दोन जुन्या सुती साड्या हव्यात. कोण देतंय ते उद्यापर्यंत कळवा.

धावदोरा सगळ्यांनी मिळून. गोधडी कुणाची, ते चिठ्ठीवर. आधी मिळालेल्यांनी चिठ्ठी टाकू नये.