मागची बाजू पाहणाऱ्या काकूंना

आदरणीय काकू,

सा. न. वि. वि.

गेल्या दोन वर्षांत मी तीनदा तुमचे आभार मानायचा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा तुम्ही ‘ते राहू दे, आधी मागची बाजू दाखव’ असे म्हणून विषय पुन्हा बॉबिनकडे, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळाकडे, वळवलात. समोरासमोर बोलताना तुम्ही मला वाक्य पूर्ण करू देणार नाही हे लक्षात आल्यामुळे हे पत्र लिहिते आहे. ते खुले ठेवते आहे, कारण घरच्या मशीनवर गोधडी शिवायला बसून माझ्यासारख्याच रडकुंडीला आलेल्या आणखी कोणाला त्याचा उपयोग झाला, तर ते तुम्हाला माझ्या आभारांपेक्षा अधिक आवडेल.

सुरुवात आईच्या कपाटापासून झाली. तिने ते रिकामे करताना नऊ सुती साड्या माझ्या हवाली केल्या आणि ‘बोहारणीला देऊ नकोस’ एवढेच सांगितले. आमच्या आजीने आयुष्यभर गोधड्या शिवल्या. साड्यांच्या घड्या एकावर एक अंथरून ती कडेपासून धावदोरा घालायला बसे आणि चौकोनात चौकोन घालत मध्यापर्यंत पोहोचे. माझे मनगट तेवढ्या हातशिलाईला साथ देणारे नाही. परंतु परकर आणि ब्लाउज मी वीस वर्षे मशीनवर शिवत आले असल्यामुळे सरळ टिपा मारायला असे काय लागते, या गुर्मीत मी पाच साड्यांचे थर टाचण्यांनी जेमतेम अडकवले आणि आजीसारखीच कडेपासून टीप मारायला घेतली. चौथ्या चौकोनापर्यंत मध्यभागी कापडाचा फुगा तयार झाला आणि उलटून पाहिले तेव्हा खालच्या साडीच्या चुण्या टिपेखाली पक्क्या शिवल्या गेलेल्या दिसल्या. माझ्या चुलत नणंदेने तुमचा अमेरिकेतला नंबर दिला तो त्या संध्याकाळी.

तुम्ही मशीन कोणते, दोरा कोणता, असे काहीही विचारले नाही. व्हिडिओ कॉलवर कॅमेरा मागच्या बाजूवर धरायला सांगितलात, बराच वेळ पाहिलेत आणि मग म्हणालात की आजीची चूक नाही आणि तुझीही नाही, तुम्हा दोघींची हत्यारे वेगळी आहेत. हाताने शिवणारी बाई प्रत्येक टाक्याला कापड बोटांनी सारखे करत जाते, त्यामुळे तिला कडेपासून आत येता येते. मशीनचे दाते मात्र फक्त खालचा थर पुढे ओढतात आणि वरचा थर कापड दाबून धरणाऱ्या प्रेसर फूटखाली रेंगाळतो. हा फरक प्रत्येक टाक्याला केसाएवढाच असतो, पण तो साठत जातो, आणि चारही बाजूंनी कोंडल्यावर साठलेल्या कापडाला जायला जागा उरत नाही. म्हणून मशीनवर मध्यापासून सुरुवात करून कडेकडे जायचे. मला आजवर कोणी इतक्या थोडक्यात ‘का’ सांगितले नव्हते. ती गोधडी उसवायला मला अकरा संध्याकाळी लागल्या, हे मात्र तेव्हा मी तुम्हाला सांगितले नाही.

त्यानंतरचे तीन महिने तुम्ही मला सरळ रेघांच्या पुढे जाऊ दिले नाहीत. वरचा थरही खालच्याबरोबर पुढे सरकवणारे वॉकिंग फूट, दर चार इंचांवर एक सेफ्टी पिन, सुई चौदा नंबरची आणि सात-आठ तासांच्या शिलाईनंतर ती बदललीच पाहिजे, कितीही चांगली दिसत असली तरी. मशीनच्या डाव्या बाजूला आणि मागे टेबल नसेल तर गोधडीचे वजन खाली लोंबते, सुई वाकडी ओढली जाते आणि आपण उगाच मशीनला दोष देतो, हे तुम्ही सांगितल्यावर मी जेवणाचे टेबल मागे आणि इस्त्रीचे टेबल डावीकडे लावले. आमच्या घरी तेव्हापासून शनिवारी रात्री जमिनीवर पंगत बसते. आपल्या शिकवणीची वेळ तीच: तुमच्याकडे केंटकीतल्या लुईव्हिलला सकाळचे अकरा, इकडे नाशिकला रात्रीचे साडेआठ, आणि तिकडची घड्याळे हिवाळ्यासाठी बदलली की साडेनऊ. घरातल्या सगळ्यांना हे आता तोंडपाठ आहे.

फ्री मोशनची गोष्ट मात्र सविस्तर लिहायला हवी, कारण माझ्या मूर्खपणाचा आणि तुमच्या संयमाचा खरा कस तिथे लागला. त्या प्रकारात दाते खाली पाडतात किंवा झाकतात, म्हणजे मशीन कापड ओढत नाही. आपणच दोन्ही हातांनी ते हवे तिकडे फिरवायचे आणि टाक्याची लांबी हाताच्या व पायाच्या वेगावर ठरायची. पहिल्याच शनिवारी माझ्या बारा इंची चौकोनाच्या पाठीमागे दोऱ्याचे असे घरटे झाले की कापड मशीनमधून कापून काढावे लागले. मी बॉबिन चार वेळा काढून घातले, बॉबिन केसचा स्क्रू पिळला, तेल घातले. तुम्ही घरट्याकडे पाहून विचारलेत, ‘फूटचा खटका खाली केला होतास का?’ केला नव्हता. फ्री मोशनला लावायचे डार्निंग फूट कापडाच्या किंचित वर तरंगत असल्यामुळे ते खाली आहे की वर, हे नजरेला कळतच नाही. आणि खटका वर असेल तर टेन्शनच्या चकत्या उघड्या राहतात, वरच्या दोऱ्याला धरणारे काहीच उरत नाही आणि तो सगळा खाली जाऊन गोळा होतो. मागे घरटे झाले की दोष वरच्या दोऱ्यात शोधायचा, हा नियम तुम्ही मला त्या दिवशी दिलात. दोरा ओवताना मात्र तोच खटका वर हवा, नाहीतर दोरा चकत्यांच्या मध्ये बसत नाही, हे तुम्ही पुढच्या आठवड्यात सांगितलेत, आणि तेही मी तीच चूक उलट्या दिशेने करून दाखवल्यानंतर. मला वाटते, तुम्ही मुद्दामच थांबला होता.

घरटी बंद झाली तेव्हा पापण्या सुरू झाल्या. वळणावर खालच्या बाजूला निघणाऱ्या बारीक दोऱ्यांच्या फासांना तुम्ही दिलेले हे नाव ऐकून मला हसू आले होते, पण ते अगदी चपखल आहे. वळण आले की भीतीने हात पळतो, पाय तसाच राहतो आणि दोरा ओढला जातो. यावर तुम्ही मला मशीनपासून उठवून कागद-पेन्सिल घ्यायला लावलीत आणि पेन्सिल न उचलता, रेघ रेघेला कुठेही न छेदता पानभर फिरायला सांगितलेत. मला ते जमेना. तेव्हा तुम्ही तुमच्या वडिलांची आठवण सांगितलीत, ते मोडी कसे लिहीत ते: आधी कागदभर रेघ ओढून घ्यायची आणि मग लेखणी शक्यतो न उचलता अक्षरामागून अक्षर त्या रेघेला टांगत जायचे. ‘वळणाला घाबरणारा मोडी लिहू शकत नाही,’ असे तुम्ही म्हणालात. मला मोडी येत नाही. तरीही त्या रात्री मी आधी कापडावर खडूने रेघ ओढली आणि तिच्याखाली आईचे नाव एका दमात शिवले. वाचता येत नव्हते, पण मागे पापणी एकही नव्हती. इथे तुम्ही पहिल्यांदा ‘हं’ म्हणालात.

एका गोष्टीबद्दल मला तुमचे वेगळे आभार मानायचे आहेत. माझ्या सासूबाई ‘मशीनवरची ती काय गोधडी, ती तर रजई’ असे म्हणाल्या आणि मी ते मनाला लावून घेतले, तेव्हा तुम्ही सासूबाईंना नावे ठेवली नाहीत. तिकडेही हाच वाद वर्षानुवर्षे चालला होता, एवढेच सांगितलेत. हाताने शिवलेलेच खरे, असे मानणाऱ्या त्या जगात १९८९ साली केंटकीतल्याच पदुका गावी अमेरिकन क्विल्टर्स सोसायटीच्या प्रदर्शनात कॅरल ब्रायर फॉलर्ट यांच्या क्विल्टला, म्हणजे तिकडच्या गोधडीला, सर्वोच्च पारितोषिक मिळाले, आणि मशीनवर क्विल्टिंग केलेल्या कामाला तो मान तिथे पहिल्यांदाच मिळाला. बायका त्यावर किती तावातावाने बोलत होत्या ते तुम्ही ज्या चवीने सांगितलेत, त्यावरून तुम्ही कोणत्या बाजूला होता हे मला कळले. सासूबाईंचे मत बदललेले नाही, आणि माझ्या मते त्यांचे थोडे बरोबरही आहे: हाताच्या धावदोऱ्याने गोधडीला जो सैलपणा येतो तो मशीनच्या टिपेने येत नाही. पण माझ्या मनगटाला जे झेपते ते हे आहे.

आपले एकदाच वाजले, ते बॅटिंगवरून, म्हणजे मधल्या भरावावरून. तुमचा आग्रह सुती बॅटिंगचा, आणि कापडाच्या पाच थरांमुळे दाट झालेली गोधडी सुईपासून मशीनच्या खांबापर्यंतच्या साडेसहा इंचांच्या जागेतून गुंडाळी करून सरकवताना तुमचे म्हणणे मला खांदे दुखेपर्यंत पटत होते. मी मात्र आत साडीच हवी म्हणून हट्टाला पेटले. दोन शनिवार तुम्ही तो विषय काढला नाहीत. तिसऱ्या शनिवारी तुम्हीच सुचवलेत की वर साडी, खाली साडी आणि मध्ये एकच जुनी, धुऊन मऊ झालेली चादर घाल, तुमच्याकडे त्याहून अधिक ऊब लागते तरी कधी! नाशिकची थंडी तुम्ही चाळीस वर्षांपूर्वी सोडलीत, काकू, त्यामुळे शेवटचे वाक्य मी मान्य करत नाही; पण उपाय अचूक होता.

आईची गोधडी गेल्या रविवारी पुरी झाली. साठ इंच बाय नव्वद, पाच साड्या लागल्या, चार अजून शिल्लक आहेत. मगजी हिरव्या काठाची लावली आहे आणि ती हाताने शिवली, तेवढे मनगटाने चालवून घेतले. आईने ती पाहिली, हात फिरवला आणि कुठली साडी कोणत्या लग्नातली हे सांगत बसली. टिपांकडे तिने पाहिलेही नाही.

या पत्रासोबत फोटो एकच पाठवते आहे, आणि तो मागच्या बाजूचा आहे. डाव्या कोपऱ्यात, कडेपासून साधारण हातभर आत, तीन पापण्या आहेत. त्या मी उसवलेल्या नाहीत. उसवायच्या की राहू द्यायच्या, ते शनिवारी सांगा.

तुमची,
नाशिकची विद्यार्थिनी